बोरिंगला पेट्रोलचा वास येतोय, उपसून टाकू का?

ह्या वेळी पाच पत्रं एकाच विषयावर आलीत, जमिनीखालच्या पाण्यात पेट्रोल, आणि पाचही एकमेकांत इतकी अडकलेली आहेत की बाकीचे विषय (गच्चीवरच्या टाकीतलं शेवाळ, एका आजोबांचा आडाचा प्रश्न) पुढच्या अंकाला ढकललेत, माफ करा. नावं कोणाचीच छापत नाही, कारण पत्रांमधे पंप आहेत, बिल्डर आहेत, आणि शेजारी आहेत.

प्रश्न: काका नमस्कार. इंदूरला आमची बारा फ्लॅटची मल्टी आहे. नर्मदेचा नळ एक दिवसाआड, बाकी सगळं बोरिंगवर, बोरिंग २१० फूट. दिवाळीनंतर पाण्याला वास यायला लागला, आधी वाटलं हौदात कोणी काही टाकलं, हौद दोनदा धुतला तरी तेच. बादलीत पाणी ठेवलं की वर रंगीत तवंग येतो. मागच्या गल्लीत एक पेट्रोल पंप होता, सहा-सात वर्षांपासून बंद आहे, टाक्या जमिनीतच आहेत म्हणतात. बोरिंगवाला सांगतो आठ दिवस सलग मोटर चालवा सगळं निघून जाईल. दोन मेंबर म्हणतात नवीन ४०० फुटांचं बोरिंग करून टाकू, भानगडच नको. काय करायचं? (मल्टीचे सेक्रेटरी)

उत्तर: सेक्रेटरी साहेब, आधी मोटर बंद करा, बाकीचं मग वाचा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, खाली बसते, म्हणजे हौदात, बेसमेंटमधे, पंपरूममधे. हवेत साधारण दीड टक्का झाली की ठिणगीने पेट घेते. आणि पंपरूममधे ठिणगी देणारी वस्तू कोणती, तर तुमच्या मोटरचा स्टार्टर! झाकणं उघडी ठेवा, हवा खेळू द्या, आणि हौद तिसऱ्यांदा धुवायला कोणाला खाली उतरवू नका, अजिबात नाही. मेक्सिकोत ग्वादालाहारा नावाचं शहर आहे, तिथे पाण्याचा पाइप आणि पेट्रोलची पाइपलाइन एकमेकांना टेकून गंजली, पेट्रोल गटारात शिरलं, लोक काही दिवस वास येतो म्हणून सांगत होते, आणि २२ एप्रिल १९९२ ला रस्तेच्या रस्ते फुटले, दोनशेच्या वर माणसं गेली. घाबरवायला नाही सांगत, पण "वासच तर आहे" असं म्हणणारा एक मेंबर प्रत्येक मल्टीत असतो, त्याला वाचून दाखवा.

दुसरं, तो तवंग पेट्रोलचाच आहे का ते बघा. लोह खाणाऱ्या बॅक्टेरियाचा तवंगही अगदी असाच रंगीत दिसतो. काडीने हलवा, लोहवाला तवंग पापडासारखा तुकडे होऊन फुटतो आणि तसाच राहतो, तेलाचा मात्र फिरून एक होतो. तुमच्याकडे वासही आहे म्हणजे मला फार शंका नाही, पण बघून घ्या, फुकट आहे.

आता बोरिंगवाल्याचा सल्ला. त्याला दोष देत नाही, त्याच्या धंद्यात गढूळ पाणी उपसलं की साफ होतं हेच त्याने आयुष्यभर बघितलंय. पण पेट्रोल म्हणजे गाळ नव्हे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर पेट्रोल म्हणजे पाऊण किलोच्या आतबाहेर, त्यामुळे टाकीतून झिरपलेलं पेट्रोल खाली खाली जातं आणि पाण्याच्या पातळीला पोचलं की तिथे पसरतं. त्याचे मग तीन हिस्से होतात. थोडं वर तरंगतं. थोडं पाण्यात विरघळतं, बेन्झीन, टोल्युइन, एथिलबेन्झीन, झायलीन ही मंडळी (लॅबवाले चौघांना मिळून बीटेक्स म्हणतात). आणि बरंच मातीच्या, मुरूमाच्या, दगडाच्या भेगांच्या अंगाला चिकटून बसतं, कढईला तेल चिकटतं तसं. तुम्ही मोटर चालवून पहिल्या दोघांतलं थोडं काढाल. तिसरं तिथेच, आणि ते रोज थोडं थोडं नव्या पाण्यात विरघळत राहणार. म्हणून आठ दिवसांनी पाणी छान वाटतं, मोटर बंद केली, महिन्याने परत चालवली, की वास हजर.

हे मी एकटा म्हणत नाही. अमेरिकेत नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ मधे पाणी उपसून शुद्ध करण्याच्या ७७ जागांचा हिशोब बघितला, त्यातल्या ६९ जागांवर ठरवलेली शुद्धता तेव्हापर्यंत गाठलेलीच नव्हती. आणि ते काही बोरिंगवाले नव्हते, मोठमोठ्या मशिनी लावून बसलेले लोक होते.

त्याहून वाईट म्हणजे तुमची मोटर पेट्रोलला तुमच्याकडे ओढतेय. पंपाची जागा मागच्या गल्लीत, तुम्ही रोज चार तास उपसा करता, म्हणजे पाण्याचा उतार तुमच्या बोरिंगकडे झाला, बोलावणं तुम्हीच धाडलंत. आणि दिवाळीनंतरच का? पावसाळ्यात पातळी चढते तेव्हा चिकटलेलं पेट्रोल पाण्याखाली दबून अडकतं, नंतर पातळी उतरायला लागली की त्यातलं काही सुटतं, परत तरंगायला लागतं आणि पाण्याबरोबर खाली येतं. दर वर्षी वर-खाली, वर-खाली, असं करत काही फूट जाडीचा पूर्ण थर माखून निघतो. उन्हाळ्यात वास वाढला तर नवल मानू नका.

आणि ४०० फुटांच्या बोरिंगचा विषय निघाला की मला खरंच राग येतो. आपलं माळवा म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, वर काळी माती, मग पिवळी, मग मुरूम, मग घट्ट दगड, त्यात भेगा, मधेच जाळीदार थर, लाव्हाच्या दोन थरांच्या मधे कुठे कुठे लाल मातीची पट्टी. वरची घाण खालच्या पाण्यापर्यंत सहजी जात नाही ती ह्या घट्ट थरांमुळे, आणि तुम्ही त्यातून सहा इंची भोक आरपार मारणार, केसिंग (भोकाच्या आतला आधाराचा पाइप) घालणार वरचे वीस-तीस फूट, म्हणजे पेट्रोलच्या पाण्याला खालच्या पाण्यात उतरायला जिनाच करून दिलात. स्वतःचं गेलंच, गल्लीचंही गेलं.

बेसाल्टचं अजून एक. वाळूत पेट्रोलचं पाणी बऱ्यापैकी सरळ पसरतं, कॅलिफोर्नियात लॉरेन्स लिव्हरमोर लॅबने १९९५ मधे शेकडो गळक्या टाक्यांची माहिती बघितली तेव्हा बेन्झीनचा पसारा बहुतेक ठिकाणी ८० मीटरच्या आत थांबलेला दिसला. आपल्या दगडात तो हिशोब डोळे मिटून लावू नका. इथे पाणी भेगांतून जातं, रात्री सराफ्यातली गर्दी ज्या गल्लीत वाट मिळेल तिकडे घुसते तसं, तीस फुटांवरच्या शेजाऱ्याचं पाणी स्वच्छ आणि तीनशे फुटांवरच्याला वास, असं होऊ शकतं. म्हणून शेजारचं बोरिंग चांगलं आहे ह्यावरून काहीच ठरत नाही.

मग करायचं काय. पाण्याची तपासणी, पण बिसलेरीच्या बाटलीत भरून नाही, प्लास्टिकमधे आणि अर्ध्या भरलेल्या बाटलीत हे सगळं उडून जातं आणि रिपोर्ट येतो एकदम चकाचक. लॅबवाले ४० मिलीची काचेची छोटी शिशी देतात, ती काठोकाठ, एकही बुडबुडा न ठेवता भरायची आणि बर्फात ठेवून न्यायची. एनएबीएलची (लॅब तपासून मान्यता देणारी देशपातळीवरची संस्था) मान्यता असलेली लॅब बघा आणि ती मान्यता ह्याच तपासणीसाठी आहे ना ते विचारा, बीटेक्स आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन दोन्ही करून मागा. नेहमीची "पिण्याच्या पाण्याची टेस्ट" म्हणजे टीडीएस, हार्डनेस, क्लोराइड, तिच्यात बेन्झीन बघतच नाहीत.

मग रिपोर्ट घेऊन लेखी अर्ज. पोल्यूशन बोर्डाचं रीजनल ऑफिस इंदुरातच आहे तिथे एक, कलेक्टर साहेबांच्या मंगळवारच्या जनसुनवाईत एक, आणि जमिनीतल्या पेट्रोलच्या टाक्यांचं लायसन्स ज्यांच्याकडे असतं त्या पेसोला एक, त्यांचं मुख्य ऑफिस नागपूरला आहे. १८१ वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनला, तक्रार नोंदवून नंबर जपून ठेवा. केंद्राने २०२५ मधे दूषित जागांसाठी वेगळे नियमच काढलेत, त्यांचा गाभा हाच की ज्याने घाण केली त्याने तपासणीचा आणि सफाईचा खर्च द्यायचा. म्हणजे मल्टीत वर्गणी काढून सफाई करायला निघू नका, बारा फ्लॅटच्या आवाक्यातलं ते कामच नाही. आणि कोणीच हललं नाही तर एनजीटीचं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं, सेंट्रल झोनचं बेंच भोपाळलाच आहे, दिल्ली गाठायला नको.

तोपर्यंत टँकर. महाग पडतो, माहितीये.

प्रश्न: दादा, आमच्याही बोरिंगला अधूनमधून वास येतो, रोज नाही. मी पाणी उकळून घेते आणि वर आरओ पण आहे. वास नाही आला त्या दिवशी वापरलं तर चालेल ना? आंघोळीला, भांड्याला तर चालेलच? नळाचं पाणी मात्र आम्ही बिनधास्त पितो. (एक गृहिणी, इंदूर)

उत्तर: ताई, चारही गोष्टींवर नाही म्हणावं लागतंय, वाईट वाटतं पण ऐका.

उकळणं. जंतूंसाठी उकळणं उत्तम, पण बेन्झीन ८० डिग्रीला उकळतं, म्हणजे पाण्याच्या आधीच ते वाफ होऊन निघालं, आणि गेलं कुठे, तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या नाकात. गरम पाण्याने दार बंद करून आंघोळ, त्याचंही तेच. पिण्यापेक्षा आंघोळीत कमी धोका असं लोकांना वाटतं, ह्या बाबतीत तसं समजू नका.

आरओ. त्याची जाळी क्षार अडवायला केलेली, बेन्झीनचा कण लहान आणि त्याच्यावर कसला चार्जही नाही, बराचसा आरपार निघून जातो. आरओच्या आधी जी कोळशाची कांडी असते ती खरं तर हे पकडते, पण ती लावलेली असते क्लोरीनसाठी, पेट्रोलच्या पाण्यात कधी भरून जाईल ते कळत नाही, आणि भरली की ती काही सांगायला येत नाही. मोठ्या सफाईत हाच नारळाच्या करवंटीचा कोळसा टनाने वापरतात, पण एकामागे एक दोन टाक्या लावून, मधल्या नळावर सतत तपासणी ठेवून.

वास. सगळ्यात फसवा तोच. जागतिक आरोग्य संघटनेची बेन्झीनची मर्यादा आहे एक लिटर पाण्यात १० मायक्रोग्रॅम, आणि पाण्यातल्या बेन्झीनचा वास माणसाला जाणवायला लागतो तो साधारण ह्याच्या हजारपट झाल्यावर. तुम्हाला जो पेट्रोलसारखा वास येतो तो बराचसा झायलीन आणि एथिलबेन्झीनचा, ते दोघं अगदी थोडे असले तरी नाकाला कळतात. म्हणजे वास आला तर काहीतरी नक्की आहे, पण नाही आला म्हणून बेन्झीन नाही असं होत नाही. आणि बेन्झीनने रक्ताचा कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं आहे, ह्यात संशय वगैरे काही नाही.

अंदाज येण्यासाठी एक हिशोब सांगतो, मला स्वतःला पहिल्यांदा केला तेव्हा खोटा वाटला होता. आजच्या पेट्रोलमधे बेन्झीन एक टक्क्यापर्यंत चालतं. एक लिटर पेट्रोल म्हणजे १० मिली बेन्झीन, वजनाने नऊ ग्रॅमच्या जरा आत. प्रत्येक लिटरमधे १० मायक्रोग्रॅम ह्या मर्यादेने बघितलं तर तेवढ्या बेन्झीनने पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत भरतं. पाच हजार लिटरचे पावणेदोनशे टँकर, एका लिटर पेट्रोलमधे!

आणि नळ. लाइन जर त्याच पेट्रोलच्या मातीतून येत असेल आणि शेवटचा तुकडा काळ्या एचडीपीई नळीचा असेल तर पेट्रोल त्या प्लास्टिकच्या भिंतीतून आत शिरू शकतं, नळीला भोक पडावंच लागतं असं नाही. शिवाय एक दिवसाआड पाणी म्हणजे मधल्या वेळात लाइन रिकामी, दाब नाही, सांध्यातून बाहेरचं आत ओढलं जातं. तुमच्या घराजवळ संशयाची जागा असेल तर बोरिंगबरोबर नळाचंही सॅम्पल द्या, तेही पाणी आल्याआल्या पहिल्या मिनिटाचं. लाइन बदलायची वेळ आली तर त्या पट्ट्यात प्लास्टिक नको, लोखंडी घाला, आणि सांध्यांचे रबर पेट्रोल सोसणारे मागा.

प्रश्न: सर मी इंजिनिअरिंग थर्ड इयरला आहे. आमच्या कॉलनीतल्या बोरिंगसाठी एक सेल्समन आला होता, तेल खाणाऱ्या बॅक्टेरियाची पावडर, बोरिंगमधे ओता, ४५ दिवसांत पाणी शुद्ध म्हणतो. हे खरंच असतं का? सर तुम्ही मागे एका उत्तरात उपसण्यावर भरवसा ठेवू नका लिहिलं होतं, मग नेमकं साफ होतं तरी कसं? (विद्यार्थी)

उत्तर: बाळा, प्रश्न फार चांगला आहे, सगळ्या पत्रांत मला हाच आवडला, म्हणून जरा लांब लिहितो.

तेल खाणारे बॅक्टेरिया खरे आहेत. आपल्याच बंगालचे आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधे होते, त्यांनी तेल पचवणारा एक बॅक्टेरिया तयार केला आणि जिवंत गोष्टीला पेटंट मिळू शकतं का हा खटला थेट तिथल्या सुप्रीम कोर्टात गेला, १९८० मधे पाच विरुद्ध चार मतांनी जिंकले. इथे टेरी ह्या दिल्लीच्या संशोधन संस्थेने ऑइलझॅपर नावाने बॅक्टेरियांचं मिश्रण तयार केलंय, तेलकंपन्यांचा गाळ आणि तेलाने माखलेली माती साफ करायला ते वापरलंय. पण ती माती उघड्यावर पसरलेली असते, नांगरता येते, हवा-पाणी-खत देता येतं. दोनशे फूट खोल दगडाच्या भेगेत पावडर ओतणं म्हणजे वेगळीच गोष्ट.

मुळात तुझ्या कॉलनीच्या खाली हे बॅक्टेरिया आधीच आहेत. जिथे पेट्रोल सांडतं तिथे काही महिन्यांत ते खाणारे आपोआप वाढतात, निमंत्रण लागत नाही. अडतं ते खाणाऱ्यांवर नाही, श्वासावर. एक ग्रॅम बेन्झीन पूर्ण पचवायला तीन ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो, तू समीकरण मांडून बघ, साडेसात रेणू ऑक्सिजन एका बेन्झीनला. पेट्रोल सगळं मिळून धरलं तर साधारण साडेतीन ग्रॅम. म्हणजे एका लिटर पेट्रोलला अडीच किलोच्या वर ऑक्सिजन. आता स्वच्छ ताज्या पाण्यात ऑक्सिजन विरघळतो किती, लिटरमधे जेमतेम आठ मिलिग्रॅम. म्हणजे ते एक लिटर पेट्रोल पचवायला तीन लाख लिटरच्या वर ताजं पाणी त्याच्या अंगावरून जायला पाहिजे. आणि हवेत? एक घनमीटर हवेत अडीचशे ग्रॅमच्या वर ऑक्सिजन असतो. दहा घनमीटर हवा झाली की काम झालं, एका न्हाणीघरात मावेल इतकी.

तीन लाख लिटर पाणी विरुद्ध एक न्हाणीघर हवा. सगळी सफाईची विद्या ह्या एका फरकात आहे बघ. मी नोकरीत होतो तेव्हा सुरुवातीची बरीच वर्षं मीही पाणीच काढत बसलो होतो, किती हजार लिटर उपसलं ते अभिमानाने रिपोर्टात लिहायचो, हा हिशोब एका तरुण पोराने मला फळ्यावर करून दाखवला तेव्हा गप्प बसलो.

म्हणून आज ज्या जागा नीट साफ होतात तिथे क्रम असा असतो. आधी गळती थांबवा, टाकी रिकामी करा, काढा, नाहीतर बाकी सगळं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. मग आजूबाजूला तपासणीची बोअर, निदान तीन तरी, त्याशिवाय पाणी कोणत्या दिशेला वाहतं हेच कळत नाही. वर पेट्रोलचा थर तरंगत असेल तर तो काढायचा, त्याला स्किमर पंप असतो, वरचं वरचं पेट्रोल घेतो, पाणी फार ओढत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधे १९७८ ला एका खाडीत तेल झिरपताना हेलिकॉप्टरमधून दिसलं, मग कळलं जुन्या रिफायनऱ्यांचं जवळपास सहा कोटी लिटर तेल वस्तीच्या खाली आहे, ते काढायला दशकं लागलीत, पण तिथे थर होता म्हणून काढणं तरी शक्य होतं.

थर निघाला की हवा. पाण्याच्या पातळीच्या वरच्या कोरड्या मुरूमात पाइप टाकून ब्लोअरने आतली वाफ ओढायची, पेट्रोल चटकन वाफ होऊन निघतं, आणि ओढलेल्या जागी वरून ताजी हवा आत जाते तिने बॅक्टेरियाही कामाला लागतात, एका ब्लोअरमधे दोन कामं. निघालेली वाफ कोळशातून नेतात किंवा जाळतात, गल्लीत सोडत नाहीत, हे बघायचं असतं. पाण्याखाली अडकलेल्यासाठी खालून बारीक हवा फुंकतात, मत्स्यालयात बुडबुडे सोडतो तसं, पण इथे आपला बेसाल्ट आडवा येतो, वाळूत हवा सगळीकडे पसरते आणि दगडात एखाद्या मोठ्या भेगेतून सुसाट वर निघून जाते, बाकीचा भाग तसाच. म्हणून आपल्याकडे व्हॅक्यूमने पाणी-पेट्रोल-वाफ एकत्र ओढायची पद्धत जास्त जमते, पाण्याची पातळी तात्पुरती खाली दाबायची आणि उघड्या पडलेल्या भेगांतून हवा ओढायची. इथे उपसा करतात, पण हवेला वाट करून देण्यासाठी. परसल्फेट सारखी रसायनं घालून पेट्रोल जाळायचीही पद्धत आहे, महाग, आणि रसायन भेगेत पेट्रोलपर्यंत पोचलं तरच उपयोग.

आणि शेवटचं जे उरतं ते निसर्गावर सोडतात, पण सोडून घरी जात नाहीत, दर तीन महिन्यांनी सॅम्पल घेतात. ऑक्सिजन संपला की बॅक्टेरिया नायट्रेट, लोह, सल्फेट ह्यांच्यावर श्वास घेतात, तेही संपलं की मिथेन करत बसतात, फार हळू. अमेरिकेत मिनेसोटामधे बेमिजी गावाजवळ ऑगस्ट १९७९ मधे क्रूड तेलाची पाइपलाइन फुटली, १७ लाख लिटर सांडलं, बरंचसं उचललं आणि उरलेलं चारेक लाख लिटर तसंच ठेवून १९८३ पासून शास्त्रज्ञ तिथे बघत बसलेत की निसर्ग किती वेळ घेतो. अजून बघतायत.

त्या सेल्समनला दोन प्रश्न विचार, ऑक्सिजन कुठून येणार, आणि ४५ दिवसांनी कुठल्या लॅबचा बीटेक्स रिपोर्ट देणार, तो पैसे घ्यायच्या आधी की नंतर.

प्रश्न: जुन्या पंपाच्या जागेवर नवीन मल्टी होतेय, फ्लॅट छान आहे, रेट पण जरा कमी. बिल्डर म्हणतो टाक्या काढल्या, नवीन माती भरली, आता काही टेन्शन नाही. घेऊ का? (वाचक)

उत्तर: घ्यायचा की नाही ते मी कसं सांगू, पण टाक्या निघाल्यावर खड्ड्याच्या तळाची आणि चारी बाजूंची माती तपासली का हे विचारा, आणि तो रिपोर्ट हातात मागा. टाकीत शेवटी उरतं ते थोडंच, गळलेलं त्याच्या खाली असतं. काढलेली माती कुठे टाकली हेही विचारा, कोणाच्या तरी प्लॉटवर भरावाला गेली असेल तर एक जागा साफ आणि दुसरी खराब. पंप फार जुना, २००० सालाच्या आधीचा असेल तर मातीत शिसंही बघायला सांगा, तेव्हा पेट्रोलमधे शिसं घालायचे, फेब्रुवारी २००० पासून देशात बंद झालं.

बेसमेंट आहे का? असेल तर ते सगळ्यात महत्त्वाचं. जमिनीतली वाफ फरशीच्या फटीतून, पाइपांच्या भोकांतून बेसमेंटमधे आणि लिफ्टच्या खड्ड्यात येते. खाली जाड प्लास्टिकचा पडदा घालून, त्याच्याखाली भोकाचे पाइप टाकून वाफ गच्चीवर नेता येते, बांधतानाच केलं तर फार खर्च नाही, नंतर करायला गेलं तर फरशी फोडा. आणि पायाचं काम करताना जे पाणी उपसून नालीत सोडलं त्याला वास होता का हे बिल्डरला विचारू नका, तिथल्या चौकीदाराला विचारा.

प्रश्न: माझा स्वतःचा पंप आहे, इंदूरपासून फार लांब नाही, नाव छापू नका. मागच्या पावसाळ्यात एका टाकीत तीनदा पाणी निघालं. मेकॅनिक म्हणतो झाकणातून पावसाचं जातंय. स्टॉकमधे थोडी घट येते पण ती तर उन्हाने पण येते. आता आजूबाजूच्या बोरिंगवाल्यांना काही बोलायचं का नाही, उगाच गवगवा होईल. (पंपमालक)

उत्तर: हे पत्र मी दोनदा वाचलं. लिहिलंत ह्याबद्दल आधी आभार, बहुतेक लोक लिहीत नाहीत.

झाकणातून जात असेलही. पण ज्या भोकातून पावसाळ्यात बाहेरचं पाणी टाकीत येतं त्याच भोकातून उन्हाळ्यात, बाहेरची पातळी उतरली की, टाकीतलं पेट्रोल बाहेर जातं. दोन महिन्यांचे डिप रजिस्टर (टाकीत रॉड बुडवून रोज मोजलेल्या साठ्याची नोंद) काढा, एक पावसाळ्याचा एक मे महिन्याचा, आणि त्याच टाकीची घट शेजारच्या टाकीच्या घटीशी लावून बघा. ऊन दोन्ही टाक्यांना सारखंच. एकाच टाकीची घट सतत जास्त आणि तिच्यातच पाणी, तर मग झाकणाचं कारण मला पटत नाही. डिप रॉडला पाण्याची पेस्ट लावून रोज सकाळी बघता ना, त्यावर आता पूर्ण विसंबू नका, पेट्रोलमधे इथेनॉल आहे, थोडं पाणी त्यातच मिसळून जातं आणि पेस्टला दिसत नाही, जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळा थर बसतो, तोपर्यंत उशीर झालेला असतो. हेच इथेनॉल जमिनीत गेलं तर आणखी घोळ, बॅक्टेरिया आधी तेच खातात, ऑक्सिजन तिथेच संपतो, बेन्झीन मागे राहून लांब पसरतं.

टाकी आणि तिच्या लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि लाइन वेगळी, टाकी वेगळी, कारण पुष्कळदा गळतं ते टाकी आणि मशीनच्या मधल्या पाइपच्या सांध्यात आणि लोक नवीन टाकी बसवून मोकळे होतात. कंपनीला आणि पेसोला लेखी कळवा, तोंडी नको. बोरिंगवाल्यांना सांगायचं का, हो. पाणी तुमच्या खर्चाने तपासून द्या, चांगलं निघालं तर तुमच्याच कामाचा कागद आहे.

तुमचं नाव छापलेलं नाही. पण ती टाकी मात्र टेस्ट होण्याची वाट न बघता ह्याच आठवड्यात रिकामी करा, दुसऱ्या टाकीवर धंदा चालवा.